न्हाऊ घातलेलं शिंगरू

बाळापूर
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

भगवंतराव इवाई यांसी माणिकबाईचा रामराम.

तुमची राई आज पहाटं मोकळी झाली. शिंगरू मादी हाये. मांडीवर मावते एवढुसं, बकरीच्या पिलापरीस जरासंच मोठं. कान लांब, पाय काटक्या, रंग पिवळा. तुमी मागल्या पोळ्याले ही कमरेएवढी घोडी आमच्या झेंडूच्या मळ्यात आनून बांधली, तवा तिच्या पोटात काही हाये हे ना तुमाले ठाऊक होतं ना आमाले. लेक रागिणी देली तवा एवढं सामान देलं नव्हतं तुमी, जेवढं घोडीसंगं देलं.

आता मुद्द्याचं. राई लेकराले जवळ येऊ देत नाई. ते कासेकडं तोंड नेते की ही कान मागं पाडते, दात काढते अन् मागचा पाय झाडते. दोनदा पाठीले चावली. दाक्तर येऊन गेले. आमच्या ह्यांनी म्होरकी धरली, दाक्तरांनी चीक पिळून बाटलीनं लेकराले पाजला. राईले दुखण्याचं इंजेक्शन देलं. दर तासाले असंच पाजत राहा म्हने. पन माय उभी असताना लेकरानं बाटलीवर दिवस काढावे, हे मले पाहवत नाई.

तुमची उभी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली. काय करावं ते कळवा. फोनवर तुमाले ऐकू येत नाई, अन् रागिणीजवळ निरोप देता येत नाई. आठवा महिना हाये तिले, मायनं लेकरू टाकलं असल्या गोष्टी तिच्या कानी पडू नये. म्हनून ओमप्रकाशच्या टेम्पोत फुलाच्या कॅरेटवर हे पत्र ठेवून राहिली. उद्या दुपारी तो परत येते, त्याच्याच हाती उत्तर द्या.

रागिणीले म्हना, पाट घासून ठेवला हाये. अर्ध्या बाळापुरातले लेकरं माह्या पायावर न्हाले, आता माह्या रोहितच्या लेकराची पाळी. मी दिवस मोजून राहिली.

माणिकबाई

•

अमरावती
बुधवार, २२ जानेवारी, सकाळी नऊ

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या टेम्पोवाल्यानं म्हणे पाच मिनिटं बेल वाजवली. मी ठार बहिरा आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं खालून झेंडूचं फूल फेकून मारलं, ते माझ्या चहात पडलं. रागिणी झोपली होती, तिला काही कळलं नाही.

मी दवाखान्यात कागदोपत्री व्रणोपचारक होतो, लोकांच्या तोंडी ड्रेसर. गाई-म्हशी हजारो पाहिल्या, घोड्या मोजक्या. तरी सांगतो. आधी कासेला हात लावून पाहा. गरम आणि टणक लागली तर कोमट पाण्याच्या फडक्यानं शेका आणि थोडं दूध पिळून टाका. पहिलटकरणीला कासेला तोंड लागलं की दुखतं, गुदगुल्याही होतात. तिचंच दूध शिंगराच्या कपाळाला आणि शेपटीच्या बुडाशी चोळा. पाठीवर चिमूटभर मीठ टाका. गाय मिठासाठी वासराला चाटायला लागते आणि चाटता चाटता त्याला आपलं म्हणते. घोडीही म्हणेल असं वाटतं. मारायचं मात्र नाही. तुमच्या शेषरावांना हे दोनदा सांगा.

मला एक गोष्ट समजत नाही. राई इथं अमरावतीच्या बागेत पोरांना पाठीवर घेऊन फिरायची. चार वर्षांच्या पोरानं शेपूट ओढली तरी मागं वळून पाहायची नाही. तिनं स्वतःच्या पिलाला चावावं हे माझ्या मनाला पटत नाही. पहिल्या तासात काय झालं ते नीट आठवून लिहा. शिंगरू कोणी उचलून नेलं होतं का? कोणी काही लावलं का? आडपडदा ठेवू नका.

रागिणीची तब्येत बरी आहे. भूक चांगली लागते.

भगवंतराव

•

बाळापूर
बुधवार, २२ जानेवारी, दिवेलागणीला

इवाई, रामराम.

सांगितलं ते सगळं केलं. कास गरम होती, शेकली, आता नरम हाये. दूध चोळलं. मीठ टाकलं तवा राईनं दोनदा मीठ चाटलं, मंग तिच्या नाकात काय गेलं कोन जाने. जोरानं फुरफुरली अन् जिथं चाटत होती तिथंच चावली. लेकरू कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. एवढुशा जिवाले अपमान समजते, मले आजच समजलं.

मारलं कोनीच नाई. उलट हे तिच्या कानाशी लागून हरभऱ्याचा पाला चारत बसले होते. एवढ्या गोडीत माह्याशी बोलले नाई कधी जन्मात.

पहिल्या तासाचं इचारलं तुमी. कोनी काही केलं नाई. जसं होतं तसं होतं.

तुमीच सांगा, आडपडदा कोन ठेवून राहिलं? मी पाटाचं लिहिलं, बाळाच्या आंघोळीचं लिहिलं, अन् तुमी भूक चांगली लागते म्हनून मोकळे झाले. डाळीचं पीठ, तिळाचं तेल, धुरीसाठी ओवा अन् बाळंतशोपा, सगळं मी साफ करून डब्यात भरलं. रागिणीले माय नाई. तिचं बाळंतपण मी नाई करणार तर कोन करणार?

लेकरू आज बाटली अर्धीच प्यालं.

माणिकबाई

•

अमरावती
गुरुवार, २३ जानेवारी

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. बाटली अर्धी प्यालं, ही एक ओळ मला आवडली नाही. एवढ्या लहान जिवाला खचायला वेळ लागत नाही.

तुम्ही लिहिता की कोणी काही केलं नाही. तुमच्यावर विश्वास ठेवायचा तर मग दोष घोडीचा. नसते काही माद्यांच्या अंगात माया. मी अशा म्हशी पाहिल्या आहेत आणि पुढच्या वेतालाही त्या तशाच राहिल्या. राईच्या बाबतीत मी आंधळा होतो असं म्हणायचं. आवडत्या जनावराबद्दल माणूस खोटं बोलतो, स्वतःशीच.

म्हणून मी एक ठरवलं आहे. इथं डोमाजी म्हणून ओळखीचा माणूस आहे, वरातीच्या घोड्या पाळतो. त्याच्या एका घोडीचं शिंगरू परवा गेलं आणि ती दुधावर आहे. ती परक्या पिलाला घेईल असं तो म्हणतो. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन बाळापूरला येईल आणि शिंगरू घेऊन जाईल. राईला मग कोणाला तरी देऊन टाकू. मायेविना जनावर मळ्यात ठेवून तुम्हाला रोज तो त्रास नको.

पिवळं शिंगरू मी आजवर पाहिलेलं नाही. डोमाजीही हसला.

भगवंतराव

•

बाळापूर
गुरुवार, २३ जानेवारी

इवाई,

रामराम घालायचं तोंड नाई मले.

राईच्या अंगात माया हाये. तिले तसं म्हनू नका. शिंगरू पिवळं नाई, पांढरं हाये. ते पिवळेपन माह्या हळदीचं हाये.

सांगते. पहाटं मी उठली तवा ते गवतात पडलेलं होतं. ओलं, चिकट, थंडीनं कापत होतं. राई वळून त्याले हुंगायच्या बेतात होती. मले राहवलं नाई. आंघोळीचं पानी चुलीवर तापलेलंच होतं. मी ते लेकरू ओच्यात घेतलं अन् घरात आनलं. मोठ्या घोडीचं असतं तर उचललं नसतं. पन हे एवढुसं, मांडीवर मावनारं. पाटावर बसली, पाय लांब केले, त्याच्यावर त्याले आडवं घेतलं. डाळीचं पीठ अन् हळद लावली. अंगावरचा सगळा चिकटा काढला. तेल चोळलं. ओवा, बाळंतशोपा, लसनाचे सालपटं घालून धुरी देली. कपाळाले तीटबी लावली, इवाई. जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी घेऊन बसली. सव्वा तास बसली.

तेवढ्यात राई गोठ्यातून बोलावत होती. नाकातल्या नाकात, हळू. मले समजला तो आवाज. चाळीस वर्षं बाळंतिनी पाहून राहिली मी, मले नाई समजनार? पन मी म्हनलं, थांब माय, स्वच्छ करून देते. मंग नेऊन ठेवलं तिच्यापुढं. तिनं हुंगलं अन् मागं सरकली. तिचं लेकरू तिले भेटलंच नाई. धुपाचा अन् हळदीचा वास मारनारं कोनाचं तरी लेकरू मी तिच्यापुढं आनून उभं केलं.

दाक्तरांनी इचारलं तवा मी गप बसली. ह्यांना सांगू देलं नाई. तुमाले खोटं लिहिलं. काहून लिहिलं तेबी सांगते. तुमाले समजलं असतं तर रागिणीले समजलं असतं, अन् मंग तिनं आपलं लेकरू माह्या पायावर देलं नसतं. ह्या हाताले लोक घरी बोलवायले येतात, आहेर करतात. एका शिंगरासाठी ते नाव काहून घालवावं, असा इचार केला मी. एवढी हलकट निघाली.

आता तुमी काय म्हनायचं ते म्हना. रागिणीच्या बाळाले हात लावू देऊ नका. पन ह्या घोडीजवळून लेकरू नेऊ नका. तिनं टाकलं नाई त्याले. मी नेलं. काही करता येत असन तर सांगा.

माणिकबाई

•

अमरावती
शुक्रवार, २४ जानेवारी, सकाळी

विहीणबाई,

राग आला. आंघोळीचा कमी, खोट्याचा जास्त. दोन दिवस वाया गेले आणि राईला मी नाही नाही ते बोललो.

आता लक्ष देऊन वाचा. घोडी डोळ्यांनी पिलू ओळखत नाही, नाकानं ओळखते. तुम्ही जो वास धुतला तो तिचा स्वतःचा होता. तो परत लावायचा. राई जिथं उभी राहते तिथलं मुतानं भिजलेलं गवत आणि लीद घ्या आणि शिंगराच्या पाठीला, मानेला, पायांना चोळा. तिच्या अंगाचा घाम फडक्यानं टिपा आणि तोही चोळा. शेपटीपाशी आणि कपाळावर तिचं दूध. परत पाण्याचा थेंब लावायचा नाही, कितीही घाण दिसलं तरी. घरात धुरी बंद. तुम्ही धुराचा वास लागलेलं लुगडं बदला, हात साबणानं नाही, मातीनं धुवा. गोठ्यात मधे आडवे बांबू बांधा. ती त्याला पाहील, हुंगेल, पण लाथ पोचणार नाही. दर तासाला म्होरकी धरून कासेला लावा. पहिल्या तासात चुटकीसरशी झालं असतं ते आता होईलच असं मी सांगत नाही. डोमाजीला मी थांबवलेलं नाही. रविवारी सकाळपर्यंत राईनं घेतलं तर ठीक, नाही तर शिंगरू जाईल. त्याचा जीव तुमच्या-माझ्या मनापेक्षा मोठा आहे.

आता माझं. आडपडदा मीही ठेवला. रागिणीनं मला दिवाळीतच सांगितलं होतं की तिच्या डॉक्टरीणबाई जन्मल्याबरोबर आंघोळ नको म्हणतात, धूर तर नकोच, आणि हे सासूबाईंना बाबा तुम्ही सांगा. तीन महिने मी सांगितलं नाही. मुलीचा बाप आहे, विहिणीपुढं जीभ उचलत नाही. तुमच्या पाटाचं वाचलं आणि भूक चांगली लागते असं लिहिलं, डब्यांचं वाचलं आणि विषयच टाळला. मी वेळेवर बोललो असतो तर कदाचित पहाटे तुमच्या डोक्यात एवढं तरी आलं असतं की थांबावं.

आणखी एक. तुमचं कालचं पत्र मी टेबलावर ठेवून तोंड धुवायला गेलो. परत आलो तर ते रागिणीच्या हातात होतं. ती पत्र घेऊन आत गेली आणि मला अजून परत दिलेलं नाही.

भगवंतराव

•

बाळापूर
रविवार, २६ जानेवारी

इवाई, रामराम. आज तोंड हाये म्हनून घालते.

हे पत्र डोमाजीच्या हाती देऊन राहिली. त्याची गाडी रिकामी येऊन राहिली. त्यानं गोठ्यात डोकावलं, राईनं मधे येऊन त्याच्यावर दात काढले, अन् हा भला मानूस खुशीत चहा पिऊन निघाला.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी भेटलं. वाचून मी गोठ्यात गेली अन् खाली बसली. लीद हातात घेतली खरी, पन लेकराले लावू वाटेना. चाळीस वर्षं ह्या हातांनी लेकरं धुतली. गालावर दुधाचा डाग राहिला तरी मी मायले बोलत होती. अन् आता धुतलेल्या लेकराले मळवायचं. हे म्हनले, तुह्यानं होत नसन तर मी करतो. मी म्हनलं, नाई, धुतलं मी, मळवीनबी मीच. मंग एकदा लावलं ते लावलंच. पाठीले, मानेले, पायाच्या फटीत, कानामागं. लेकरू गपचीप उभं होतं. माह्या डोळ्याले पानी लागलं होतं, पन पुसाले हात कुठं होते?

शुक्रवारी काही झालं नाई. बांबूपलीकडून राई कान मागंच पाडून होती. शनिवारी सकाळी कान सरळ झाले. हुंगत होती, सरकत होती, पुन्हा येऊन हुंगत होती. दुपारी बारा-साडेबाराले ह्यांनी वरचा बांबू काढला. म्होरकी सैल धरली. लेकरू स्वतःच गेलं, आमी ढकललं नाई. मार खाऊन खाऊनबी ते गेलं. राईनं त्याची शेपूट हुंगली. लय वेळ हुंगली. मले वाटलं, आता चावते. मी डोळे मिटले.

अन् मंग तो आवाज आला. नाकातल्या नाकात, हळू. मंगळवारी मी कानाआड केला होता तोच.

डोळे उघडले तवा ती त्याले चाटून राहिली होती. मी जेवढी घान लावली होती तेवढी सगळी. पाठ, मान, कानामागचं. आमी दोघं तिथं नसल्यासारखी. लेकरानं मुंडकं कासेत घातलं, राईनं पाय उचलला, मी म्हनलं गेलं, पन तिनं पाय जरा बाजूले ठेवला, त्याले जागा व्हावी म्हनून. चुटूचुटू आवाज येऊ लागला. ह्यांनी म्होरकी सोडली अन् तोंड फिरवून उभे राहिले. डोळ्यात कोंडा गेला म्हने. गोठ्यात कोंडा नाई आमच्या.

काल सांजेपासून बाटली धुऊन ठेवली हाये.

रागिणीनं वाचलं ते बरं झालं. तिले सांगा, मी तिच्या लेकराले न्हाऊ घालनार नाई. रागानं नाई लिहून राहिली. दाक्तरीनबाई म्हनते तसं करा. डबे मी शेजारी देऊन टाकले. तुमी तीन महिने बोलले नाई त्याचं वाईट वाटलं, पन तुमी बोलले असते तर मी ऐकलं नसतं, हेबी खरं हाये.

माणिकबाई

•

अमरावती
मंगळवार, २८ जानेवारी

आई,

हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना मी दाखवणारही नाही.

तुमचं गुरुवारचं पत्र माझ्या उशीखाली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही बाई स्वतःचं एवढं नाव मातीत घालते आहे, कशासाठी, तर एका घोडीला कोणी वाईट म्हणू नये म्हणून. माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या बाजूनं असं भांडणारं माणूस मला तेव्हापासून भेटलं नव्हतं. रोहित चांगलेच आहेत, पण त्यांना भांडता येत नाही.

मी बाबांना पुढं केलं ते माझं चुकलं. तुमच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती. आता लिहूनच सांगते. डॉक्टर म्हणतात, बाळ झाल्याबरोबर पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवतील. पहिला तास ते तिथंच राहील आणि दूधही तिथंच पिईल. त्या तासात कोणी ना कोणी मावशी-आत्या येणारच. कोणी मध चाटवायला येईल, कोणी काजळ घालायला, कोणी नुसतं आमच्याकडे द्या म्हणायला. मी तेव्हा पडलेली असेन, माझ्यानं कोणाला नाही म्हणवणार नाही. तुमच्यासमोर मात्र कोणाची टाप नाही. म्हणून त्या तासाला तुम्ही माझ्याजवळ बसायचं. येणाऱ्याला परत पाठवायचं. हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही, कारण तो तास गेला की काय होतं हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

आंघोळीचं म्हणाल तर नाळ पडल्यावर बघू. धूर नाही. बाकी मला बाळाला पायावर धरता येत नाही, मान कशी सांभाळायची तेही माहीत नाही. ते कोणी शिकवायचं?

रागिणी

•

बाळापूर
गुरुवार, ३० जानेवारी

बेटा रागिणी,

पत्र भेटलं. तुह्या सासऱ्याले वाचून दाखवलं तर हे म्हनले, आता अमरावतीच्या सगळ्या आत्या-मावश्यांची खैर नाई. मी म्हनलं, नाईच हाये.

दिवस भरायच्या आधी आठवडाभर येते. मळा रोहित अन् हे पाहतील. तुह्या बापाले सांग, दार उघडायची काही सोय करून ठेवा, मले फूल फेकता येत नाई.

त्या तासाले मी तुह्या उशाशी बसीन. देवाचा मानूस आला तरी लेकराले हात लावू देनार नाई. मीबी लावनार नाई, नुसतं पाहीन. मले कठीन जाईल, हे तुले सांगून ठेवते. हात मांडीखाली दाबून बसीन.

मंग कधीतरी, तासानं म्हन की दुसऱ्या दिवशी म्हन, तुले स्वतःलेच वाटन की आईजवळ द्यावं. वाटलं तरच दे. पन एकदा देलं की लवकर परत मागू नको, माय.

तुही
आई